मनाचे दुखणे आणि विद्यार्थ्याचा संकोच

१ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव आणि औंढा नागनाथ या त्याच्या पाचही तालुक्यांत आज पदवीपर्यंतच्या शिक्षणाची सोय आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असलेल्या येथील महाविद्यालयांत शिकणारा तरुण बहुधा शेतकऱ्याच्या वा शेतमजुराच्या घरचा असतो; पहाटेची एस. टी. पकडून किंवा तालुक्याच्या गावी भाड्याची खोली करून, एकीकडे पदवीचा अभ्यास आणि दुसरीकडे पोलीस भरतीची वा स्पर्धा परीक्षेची तयारी, असे दोन्ही भार तो एकाच वेळी वाहत असतो. पुष्कळदा महाविद्यालयाची पायरी चढणारा तो घरातला पहिलाच, आणि म्हणून धाकट्या बहिणीच्या लग्नापासून सावकाराच्या देण्यापर्यंत घरातील अनेक गोष्टी त्याच्या यशाशी बांधल्या गेलेल्या असतात. अशा तरुणाचे किंवा तरुणीचे मन आजारी पडले, तर त्या विषयातील जाणत्या माणसाकडे जाण्यास ती का कचरतात, याचा शोध घेण्याचा हा प्रयत्न आहे. या संकोचाला अज्ञान किंवा दुबळेपणा असे नाव देऊन आपण मोकळे होतो. परंतु त्याच्या मुळाशी अब्रू, पैसा, गुप्तता आणि भवितव्य यांचा एक काळजीपूर्वक मांडलेला जमाखर्च असतो, आणि त्या जमाखर्चातील रकमा बदलल्याखेरीज निव्वळ उपदेशाने कोणाचीही पावले वळणार नाहीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रश्न केवढा मोठा आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे. अमेरिकेतील संशोधक रोनाल्ड केसलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, आयुष्यात कधी तरी होणाऱ्या मानसिक विकारांपैकी निम्म्यांचा आरंभ वयाच्या १४ व्या वर्षापर्यंत आणि तीनचतुर्थांशांचा आरंभ २४ व्या वर्षापर्यंत झालेला असतो. म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयापासून पदव्युत्तर वर्गापर्यंतचा काळ संपेपर्यंत यांपैकी बहुतेक दुखणी सुरू झालेली असतात. आपल्या देशात बंगळुरूच्या निम्हान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत जी राष्ट्रीय पाहणी केली, तीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोक पाहणीच्या वेळी कोणत्या ना कोणत्या मानसिक विकाराने ग्रस्त असल्याचे दिसले, आणि निरनिराळ्या विकारांच्या बाबतीत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचलेच नसल्याचे निष्पन्न झाले. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या दप्तरात २०२२ या एका वर्षात देशभरातील १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची नोंद आहे, आणि त्यांत सर्वांत मोठा आकडा महाराष्ट्राचा आहे. मानसिक विकार बहुतांशी उपचारांनी आटोक्यात येतात, हे जाणणाऱ्या समाजाला या आकड्यांकडे पाठ फिरवता येणार नाही.

व्यावसायिक मदतीकडे माणूस कोणत्या वृत्तीने पाहतो, हे मोजण्याचा पहिला पद्धतशीर प्रयत्न अमेरिकेत एडवर्ड फिशर आणि जॉन टर्नर यांनी १९७० साली केला. त्यांनी तयार केलेल्या २९ विधानांच्या प्रश्नावलीतून या वृत्तीची चार अंगे पुढे आली: आपल्याला मदतीची गरज आहे याची जाणीव, लोकांनी लावलेला कलंक सोसण्याची तयारी, परक्या माणसापाशी मन मोकळे करण्याची प्रवृत्ती, आणि तज्ज्ञावरील विश्वास. पुढे या प्रश्नावलीची संक्षिप्त आवृत्ती निघाली आणि जगभरच्या विद्यापीठांतून विद्यार्थ्यांवर तिचा प्रयोग झाला. ही चार अंगे हाती धरून आपल्या परिसराकडे पाहिले, तर संकोचाची गाठ नेमकी कोठे बसली आहे, हे उमगू लागते.

पहिले अंग जाणिवेचे. आपल्याकडे मनाचे दुखणे बहुधा शरीराच्या भाषेत बोलते. डोके जड झाले, छातीत धडधडते, जेवण जात नाही, रात्र रात्र डोळा लागत नाही, कशातच जीव लागत नाही, अशा तक्रारी घेऊन मुलगा गावच्या डॉक्टरकडे जातो, सलाईन लावून किंवा शक्तीचे इंजेक्शन घेऊन परत येतो, आणि दोन दिवसांनी पुन्हा तेच. घरची माणसे त्याला आळशी ठरवतात, मित्र म्हणतात टेन्शन घेऊ नको. आणि नापास होण्याच्या भीतीपासून गंभीर औदासीन्यापर्यंत सर्व काही त्या एका ‘टेन्शन’ शब्दात कोंबले गेल्यामुळे, साधे दुःख कोठे संपले आणि आजार कोठे सुरू झाला, हे कोणालाच कळत नाही. ऑस्ट्रेलियातील अँथनी जॉर्म यांनी १९९७ मध्ये मानसिक आरोग्याची साक्षरता ही कल्पना मांडली ती याच उणिवेवर बोट ठेवण्यासाठी. वैद्यकशास्त्राने येथे एक सोपे गमक दिले आहे. पीक बुडाले, परीक्षा हुकली, जिवलग माणूस दुरावले, तर मन खिन्न होणे हा मनाचा धर्मच आहे. परंतु खिन्नता किंवा सर्व गोष्टींतील रस उडून जाणे हे दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज, दोन आठवडे टिकून राहिले आणि त्याबरोबर झोप, भूक, एकाग्रता बिघडून आपण कुचकामी आहोत ही भावना बळावली, तर ते औदासीन्याच्या आजाराचे लक्षण मानून तज्ज्ञाचा सल्ला घेतला पाहिजे. मरणाचे विचार येऊ लागले, तर मात्र दोन आठवडेही थांबू नये.

जाणीव नसली की तिची जागा दुसरे स्पष्टीकरण घेते. ‘बाहेरचे’ काही झाले आहे, कोणी करणी केली आहे, असे ठरते आणि घरची मंडळी देवरुष्याकडे धाव घेतात. त्यांना हसण्यात अर्थ नाही. देवरुषी हाकेच्या अंतरावर असतो, तो तेथल्या तेथे उत्तर देतो, आणि दोष रोग्याच्या स्वभावावर न ठेवता बाहेरच्या शक्तीवर ठेवतो. आजारी मुलीच्या आईला त्या क्षणी याच तीन गोष्टी हव्या असतात. मात्र भूत उतरवण्याच्या बहाण्याने माणसाला दोरखंडाने बांधणे किंवा मारहाण करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि त्या मार्गाने गेलेले महिने उपचारांच्या दृष्टीने वायाच जातात.

दुसरे अंग कलंकाचे, आणि ते सर्वांत बिकट. मानसशास्त्रज्ञ येथे दोन प्रकार मानतात: समाजाने ठेवलेला ठपका, आणि तोच ठपका आतून स्वीकारून माणसाने स्वतःवर ओढलेला कोरडा. पहिल्या प्रकाराची धग लहान गावात जास्त जाणवते. पुण्यामुंबईच्या गर्दीत दवाखान्याची पायरी चढणाऱ्याला ओळखणारा विरळा. पण तालुक्याच्या गावी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत भावकीतले कोणी तरी उभे असतेच, आणि संध्याकाळपर्यंत ती वार्ता पारावर पोहोचते. ‘येड्याच्या डाक्टरकडे’ गेल्याचा बोभाटा झाला तर मुलीची सोयरीक मोडेल, मुलाला भरतीत अडचण येईल, धाकट्या भावंडांकडेही लोक संशयाने पाहतील, ही भीती काल्पनिक म्हणून झटकून टाकता येत नाही. मुलींची अडचण तर दुप्पट आहे. एकटीने तालुक्याला जायचे म्हटले तरी कारण सांगावे लागते, आणि कारण सांगितले की गुप्तता संपते.

दुसरा प्रकार अधिक सूक्ष्म आणि अधिक घातक. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्या पिकाचे नाव दूरवर गेले. पण ती हळद काढणे, शिजवणे, वाळवणे ही कष्टाची कामे फाल्गुन-चैत्राच्या उन्हात चालू असतात, तेव्हाच परीक्षांचेही दिवस जवळ येत असतात. आईबाप उन्हात राबत असताना आपण सावलीत पुस्तक उघडून बसलो आहोत आणि तरीही रडू आवरत नाही, या विचाराने ज्याचे मन पोखरले आहे, तो मदत मागण्याआधीच स्वतःला अपराधी ठरवून मोकळा होतो. आपल्या दुःखाला दुःख म्हणवून घेण्याचा अधिकारच नाही, असे त्याला वाटते. खरे पाहता अशी अपराधभावना हे पुष्कळदा आजाराचेच एक लक्षण असते, आणि ही गोष्ट त्याला कोणी तरी स्वच्छ शब्दांत सांगण्याची गरज असते.

तिसरे अंग मन मोकळे करण्याचे. आपण मन मोकळे करतच नाही असे नाही. पण ते मित्रापाशी करतो, अनोळखी माणसापाशी नाही. म्हणूनच विद्यार्थ्याच्या दुःखाचा पहिला साक्षीदार बहुधा खोलीतला जोडीदार असतो, आणि त्याने काय उत्तर दिले यावर पुढचे बरेच काही ठरते. त्याने उपदेश न करता ऐकून घेतले आणि ‘चल, मी बरोबर येतो’ एवढेच म्हटले, तर निम्मे काम होते. जाणत्यापाशी जाण्यात कमीपणा मानणाऱ्यांनी याच जिल्ह्यातील एक परंपरा आठवावी. नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. संतमंडळीत गोरोबाकाकांनी त्यांचे मडके कच्चे ठरवले, तेव्हा विठ्ठलाशी सख्य असलेला हा भक्त प्रथम दुखावला. परंतु अखेर आपले उणेपण ओळखून औंढ्याच्या नागनाथाच्या देवळात विसोबा खेचरांपाशी गेला, असे वारकरी संप्रदाय सांगत आला आहे. आध्यात्मिक गुरू आणि मनोविकारतज्ज्ञ यांची कार्ये निराळी आहेत, हे उघड आहे. पण मान दुखावला असतानाही योग्य माणसाकडे जाणे हे थोरपणाचे लक्षण आहे, हा संस्कार येथल्या मातीला नवा नाही.

चौथे अंग विश्वासाचे. ज्याच्याकडे जायचे तो कोण, आणि तो काय करणार, हे ठाऊक नसले की विश्वास बसत नाही. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवी घेऊन पुढे या शाखेत प्रावीण्य मिळवलेला डॉक्टर. तो औषधे देऊ शकतो. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ औषधे देत नाही. तो शास्त्रीय संवादपद्धतीने विचार आणि वर्तन यांतील पेच सोडवतो, आणि त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असावी लागते. समुपदेशक अभ्यास, नातेसंबंध, करिअर यांतील अडचणींत वाट काढण्यास साहाय्य करतो आणि गरज पडल्यास पुढे पाठवतो. पहिल्या भेटीत कोणी विजेचा धक्का देत नाही की खोलीत कोंडत नाही. झोप, भूक, अभ्यास, घर, व्यसन, पूर्वीचे आजार यांची विचारपूस होते आणि काय करावे याची मसलत होते. औषधांची भीतीही अशीच निवळण्याजोगी आहे. औदासीन्यावरील औषधांचा गुण येण्यास साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यांची नशा चढत नाही. मात्र ती मनाने एकदम बंद करू नयेत. झोपेच्या काही गोळ्यांची सवय लागू शकते, म्हणून त्या सल्ल्यावाचून घेऊ नयेत. सर्वच दुखण्यांना औषध लागते असेही नाही. सौम्य त्रासात केवळ संवादोपचारांनीही बरे वाटते.

ही चारही अंगे बदलता येतात काय? शेजारच्या विदर्भातील एका प्रयोगाने याचे आशादायक उत्तर दिले आहे. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा कार्यक्रम राबवण्यात आला. गावातल्याच प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी लोकांना मनाच्या आजारांची माहिती दिली, प्राथमिक समुपदेशन केले आणि गरजूंना तज्ज्ञापर्यंत पोहोचवले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, औदासीन्याने ग्रस्त असलेल्यांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. कापूस-सोयाबीनच्या त्याच शेतीवर जगणारी, तीच भाषा बोलणारी आणि त्याच अब्रूची काळजी वाहणारी ती माणसे होती. मदत दारात आली, ओळखीच्या तोंडून आली आणि तिचा गुण दिसला, तेव्हा त्यांची वृत्ती बदलली. गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेनेही, स्वतः तज्ज्ञ नसलेल्या परंतु नीट प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांकडून तीव्र औदासीन्याच्या रुग्णांना खरा आराम पडतो, हे शास्त्रीय चाचण्यांनी दाखवून दिले आहे. वृत्ती आधी बदलेल आणि मग लोक सेवेकडे येतील, अशी वाट पाहत बसण्याचे कारण नाही. चांगली सेवा हीच वृत्ती बदलण्याचे सर्वांत मोठे साधन आहे.

चित्रपटाचेही या कामी साहाय्य झाले आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ने छिन्नमनस्कतेसारखा अवघड आजार, आणि ‘कासव’ने एका तरुणाचे औदासीन्य, मराठी प्रेक्षकांसमोर आदराने मांडले. ‘कासव’ला ६४ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे सुवर्णकमळ मिळाले. महाविद्यालयाच्या सभागृहात असा चित्रपट दाखवून त्यावर तज्ज्ञासमवेत चर्चा घडवून आणली, तर एरवी कोणी न काढणारा विषय वर्गात सहज निघू शकतो.

आता कायद्याची बाजू. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून अंमलात आला. त्याच्या १८ व्या कलमाने शासकीय खर्चाने चालणारी मानसिक आरोग्यसेवा मिळण्याचा हक्क प्रत्येक व्यक्तीला दिला, आणि २३ व्या कलमाने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यांवर घातले; जीविताला धोका असणे यांसारखे मोजकेच अपवाद त्याला आहेत. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षेऐवजी काळजी व उपचार द्यावेत, असे ११५ वे कलम सांगते. १९८२ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रमातून १९९६ साली जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम निघाला, आणि पुढे त्यात महाविद्यालयांतील समुपदेशनाचाही अंतर्भाव झाला. शेतकरी कुटुंबांच्या मानसिक आरोग्यासाठी महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा’ प्रकल्प सुरू केला, त्यांत हिंगोली आहे. ज्या घराचा उंबरठा आशा स्वयंसेविका या कामासाठी ओलांडतात, त्याच घरातला मुलगा महाविद्यालयात शिकतो, हे ध्यानात घेतले तर दोन्ही कामांची सांगड घालता येईल. २०२४ पासून हिंगोलीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे, आणि त्यामुळे तज्ज्ञ जवळ येण्याची आशा वाढली आहे.

याहून महत्त्वाचा हुकूम सर्वोच्च न्यायालयाचा. सुकदेव साहा विरुद्ध आंध्र प्रदेश राज्य या प्रकरणात २५ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने आदेश दिला की, १०० किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेने किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ वा समाजकार्यकर्ता नेमावा किंवा त्याची सेवा घ्यावी. त्याहून लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर संबंध जोडावा. कर्मचाऱ्यांना वर्षातून दोनदा प्रशिक्षण द्यावे. आणि मदतीचे दूरध्वनी क्रमांक वसतिगृहांत व वर्गांत ठळकपणे लावावेत. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेली ‘टेलि-मानस’ ही केंद्र शासनाची सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे. रांगेत दिसण्याची ज्याला भीती वाटते, त्याच्यासाठी हा दूरध्वनी ही सर्वांत सुरक्षित पहिली पायरी आहे.

परंतु नेमणुकीचा कागद निघाला म्हणजे काम झाले असे मानू नये. समुपदेशकाची खोली प्राचार्यांच्या दालनाशेजारी किंवा शुल्क भरण्याच्या खिडकीसमोर असेल, त्याच्याकडे जाण्यासाठी अर्ज लिहून वर्गशिक्षकाची सही घ्यावी लागत असेल, किंवा तोच माणूस हजेरी व शिस्त पाहत असेल, तर विद्यार्थी तेथे फिरकणार नाही, आणि त्याचे न फिरकणे शहाणपणाचेच ठरेल. ती खोली ग्रंथालयासारख्या सर्वांची ये-जा असलेल्या ठिकाणी असावी. अभ्यासाची पद्धत, परीक्षेची भीती, करिअरची निवड यांसाठीही तेथेच जाण्याचा शिरस्ता पडावा, म्हणजे आत जाणाऱ्याकडे बोट दाखवणे कठीण होईल. मुलींसाठी स्त्री समुपदेशक असावी. आणि येथे सांगितलेली गोष्ट घरी वा शिक्षकांना कळवली जाणार नाही, व जिवाला धोका असेल तरच अपवाद होईल, हे पहिल्याच दिवशी तोंडी आणि लेखी सांगितले जावे. पालकांच्या सभेतही हा विषय निघाला पाहिजे, कारण मुलीला एकटीने दवाखान्यात जाऊ द्यायचे की नाही, हे अजून घरातच ठरते.

मदत मागण्याचे धैर्य विद्यार्थ्याने दाखवावे, ही अपेक्षा रास्त आहे. परंतु त्या धैर्याची किंमत कमी करण्याची जबाबदारी वडीलधाऱ्यांची आहे, आणि जिल्ह्यातील प्राचार्य, संस्थाचालक व जिल्हा रुग्णालयाचे अधिकारी यांनी एकत्र बसून आठवड्यातील एक ठरलेला वार, एक निवांत खोली आणि गुप्ततेची एक लेखी हमी एवढी तरतूद केली, तरी ती किंमत निम्म्याने उतरेल. येत्या शैक्षणिक वर्षाच्या प्रवेशपत्रिकेवर शुल्काच्या रकमेशेजारी समुपदेशकाचा वार आणि १४४१६ हा क्रमांक छापला जावा. यास मोठा खर्च लागत नाही, नव्या मंजुरीची गरज नाही, आणि न्यायालयाचा आदेश तर हाती आहेच.